लेकीच्या गावचं पाणी

रविवार, ३ एप्रिल १९५५

दुधराम गुरुजींनी आज वही दिली. म्हणाले, "शामकलाबाई, उद्या निघतोच आहोत, तर रोज जे पाहाल ते लिहा. परत आल्यावर मी तपासीन." बरं म्हटलं. पण दाखवणार नाही. पंचेचाळीस वर्षांच्या बाईची वही कायले तपासता? लिहिताना 'मले' नको, 'मला' लिहा म्हणतात. तेवढं ऐकून राहिली.

दुपारच्या साक्षर वर्गात आम्ही नऊ बाया पास झालो. गुरुजी पेन्शनीत गेले, आता बायकोला मुलूख दाखवायचा म्हणतात. आम्हा नऊही जणींना विचारलं, चला, देवळं पाहू, तलाव पाहू, गड चढू, धबधबा पाहू. आठ जणींना घरून सोडलं नाही. मला सोडणारं कोणी नाही आणि अडवणारंही कोणी नाही. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणून गुरुजी, त्यांची बायको सुलोचनाबाई आणि मी. ते दोघं, मी एक.

खरं लिहिते. देवळांचं आणि गडांचं मला काही नाही. शेवटचा मुक्काम सालेकशाकडं आहे आणि माझी प्रेमिला तिकडं दिली आहे. एकच लेक. लग्नाला तीन वर्षं झाली, तोंड पाहून दीड वर्ष झालं. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपली रीत. म्हणून नुसतं भेटायला जाते म्हटलं की लोक हसतात, उपाशी जाऊन उपाशी येशील म्हणतात. फिरायला जाते म्हटलं तर कोणी हसत नाही.

दीर केवळराम मात्र सकाळपासून मागं मागं. "वहिनी, तिकडं कायले जाता? ऊन पाहा किती."

"ऊन इथं नाही काय?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, मासोळीसारखं. मग म्हणाला, "प्रेमिलाले जास्त काही विचारू नका."

मी काय पोलीस आहो? पायलीभर चिन्नोर तांदूळ बांधून घेतला. पोरीला तो आवडते.

मंगळवार, ५ एप्रिल, गोंदिया

काल तिरोड्याहून गाडी. गाडीत उभं राहून आलो. गोंदियात जिकडं पाहावं तिकडं राईस मिलचा भुसा उडते, डोळ्यात, डोक्यात, भातात. इथले लोक मराठी विसरून बसले. टांगेवाला म्हणते, "बैठो माताजी, नागरा घुमा के लाता हूँ." माझ्याच वयाचा बुढा आणि माताजी म्हणते. म्हटलं, "माताजी तुझी घरी असल, मले बाई म्हण." तो हसून लोळला. मग रस्ताभर बाई बाई करून डोकं खाल्लं.

नागऱ्याचं महादेवाचं देऊळ जुनं आहे. किती जुनं ते गुरुजींनी सांगितलं, विसरली. दगडाचे खांब, त्यावर कोरलेलं काम. आत गारवा इतका की बाहेर यावं वाटत नाही. सुलोचनाबाई दर खांबाजवळ थांबून म्हणे, "अहो, हे पाहा ना." आणि गुरुजी पाहत. एका खांबावर एक बाई कोरली आहे, आरशात पाहून कुंकू लावते, हजार वर्षं झाली पण तिचं लावणं संपलं नाही. मला हसू आलं. चांगलं काही दिसलं की माणूस बाजूला पाहते, दुसऱ्याला दाखवायला. माझ्या बाजूला खांब होता.

गुरुवार, ७ एप्रिल, नवेगावबांध

छोट्या लाईनची गाडी बैलबंडीपेक्षा हळू. देवलगावला उतरून तलावापर्यंत बंडीनं.

तलाव मोठा आहे. खरंच मोठा, खोटं कायले बोलू. सात डोंगरांच्या मधात पाणी अडवलं आहे. गुरुजी म्हणाले, कोहळी लोकांनी पूर्वी हातानं बांधला. आता पाणी उतरलं आहे तरी पलीकडचा काठ धूसर दिसते. पाखरं बसली होती, आमच्या गावच्या लहान तळ्यांवर, बोड्यांवर येतात तीच. सुलोचनाबाईनं पाय पाण्यात घातले आणि गुरुजीनं इकडं तिकडं पाहून आपलेही घातले. साठीच्या वर माणूस. मी उठून दुसरीकडं जाऊन बसली.

गुरुजी तिथं बसून मुलाला कार्ड लिहीत होते. म्हणाले, तुम्हीपण लिहा, तुमच्या दिराला. म्हटलं, त्याला कायचं कार्ड. पण कार्डावरून एक आठवलं ते लिहिते, कारण मी वर्गात बसली ती त्याच गोष्टीवरून.

पुसात मी हिवतापानं पडली होती. महिनाभर उठली नाही. एक दिवस टपालवाला येऊन कार्ड देऊन गेला. मी ओसरीत गोधडीत. केवळरामनं आंगणातच वाचलं, तिथंच उभ्यानं फाडलं, घरात आणलं नाही. मग विहिरीवर जाऊन थंड पाण्यानं आंघोळ केली, इतक्या थंडीत. मी विचारलं, "काय रे, कोणाचं?" म्हणाला, "रायपूरकडचा कोणी दूरचा गेला." आपल्यात कोणी गेल्याचं कार्ड घरात ठेवत नाहीत, ते ठीक. पण मला वाटलं, माझ्या घरी कार्ड येते आणि त्यात काय आहे ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागते. बरी झाली की शिकतेच. म्हणून शिकली. वर्गातल्या बाया म्हणायच्या, शामकलाले म्हातारपणी वेड लागलं.

शनिवार, ९ एप्रिल, प्रतापगड

गड चढली. सगळ्यांच्या अगोदर. वरून सगळं रान दिसते, पळस, मोह, मधामधात कोरडी धानाची बांधी. तुटकी भिंत आहे, महादेव आहे. सुलोचनाबाई अर्ध्यात बसली, तिच्यासाठी गुरुजी अर्ध्यात बसले. वर मी एकटी, आणि दोन माकडं. एवढं चढून आली ते सांगू कोणाला, माकडाला?

प्रेमिला लहान असती तर म्हणाली असती, माय, तिथं आपलं घर दिसते काय? नसतं दिसत. पण मी दिसते म्हटलं असतं.

सोमवार, ११ एप्रिल, दरेकसा

सगळ्या मुलखाला मोहाचा वास. उतरलो तसा नाकात भरला. सुलोचनाबाईनं पदर नाकाला लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. "कुजल्यासारखा येतो, नाही?" म्हणे. मला आवडते. गोड आणि थोडा आंबूस, दुपारच्या उन्हात डोकं हलकं करते. जिथं तिथं बायापोरं टोपल्या घेऊन फुलं वेचून राहिलीत, आंगणात चटयांवर वाळवून राहिलीत, आणि नाल्याच्या काठी मडक्यावर मडकं चढवून काय करतात ते गुरुजींनी न पाहिल्यासारखं केलं.

वाट दाखवायला बिसराम नावाचा गोंड बुढा घेतला. अगोदर हाजरा धबधबा. सुलोचनाबाई महिनाभरापासून धबधबा धबधबा करत होती. चैताचा धबधबा. वरून पाण्याची एक दोरी खाली आली होती, तीपण थकलेली. मी म्हटलं, "आमच्या मोटेतून याच्यापेक्षा जास्त पडते." बिसराम म्हणाला, "सावनात ये बाई, इथं उभी नाही राहू शकत." गुरुजी म्हणाले, "दगड तर पाहा." दगड पाहिले.

मग कचारगडाची गुहा. ती मात्र पाहण्यासारखी. आपलं सारं गाव आत मावेल आणि वर आभाळाला भोक आहे, त्यातून ऊन खाली उतरते. बिसरामनं चपला काढायला लावल्या, हा आमच्या देवाचा उगम म्हणाला. तिथं मी गप्प राहिली. कधी कधी राहते.

परत येताना एक मोठं मोहाचं झाड दिसलं. खाली फुलांचा सडा, कोणी वेचलेला नाही. बाकीच्या झाडांखाली पालापाचोळा जाळून जमीन साफ केली होती, फुलं दिसायला, या झाडाखाली तेही नाही. गुरुजींनी विचारलं, "हे काऊन सोडलं?"

"हे लेकराचं झाड आहे, गुरुजी," बिसराम म्हणाला. "दूध पिणारं लेकरू गेलं तर त्याले मोहाच्या बुडाशी मातीत ठेवतात. माय तर आता पाजू नाही शकत. मोह पाजते. तिथलं फूल वेचत नाही, खाली आग लावत नाही. लेकराले चटका लागल."

गुरुजींनी लिहून घेतलं. गोंडच नाही, बिसराम म्हणे, या रानातल्या बाकी जातीही आता तसं करतात. सुलोचनाबाईच्या डोळ्यात पाणी आलं. तिला कशानंही येते. मी म्हटलं, चला, ऊन वाढून राहिलं.

परवा प्रेमिला. आता झोप यायची नाही.

बुधवार, १३ एप्रिल, प्रेमिलाचं गाव

गुरुजी आणि सुलोचनाबाई सालेकशाला ओळखीच्यांकडं थांबले. मी बंडीनं एकटी आली. तीन कोस.

पोरगी दारात उभी होती. ओळखलीच नाही अगोदर. हाडं वर आली. केस अर्धे गेले, वेणी म्हणजे उंदराची शेपटी. तेल लावत नसेल. मला पाहून पायाच पडली, तशीच पायाला धरून राहिली. "उठ, लोक पाहून राहिले," म्हटलं.

तिची सासू गीताबाई लोटा घेऊन उंबरठ्यात आली. म्हणाली, "पाणी घ्या, इहीनबाई. आता चालते."

"काऊन चालते? रीत मोडायचा सरकारनं हुकूम काढला काय?" मी हसून म्हटलं. "अगोदर नात-नातू दाखवा, मग पाणी पाजा!"

कोणी हसलं नाही. प्रेमिला आत गेली. जावई खाटेवर बसला होता, उठून बैलांकडं गेला. गीताबाई लोटा हातात धरून तशीच उभी. या लोकांना थट्टा कळत नाही. रानातले लोक.

नाल्यावरून मी स्वतःच पाणी आणलं. आंगणात तीन दगड मांडले, माझा चिन्नोर माझ्या गंजात शिजवला. गीताबाईनं लाकडं आणून दिली, तेवढी घेतली. लाकूड काही खायचं नसते. प्रेमिला माझ्याजवळ येऊन बसली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून.

"माय, एक घोट घेतला असतास तर काय झालं असतं?"

"तुझी आजी माझ्या घरी सहा वर्षं तहानेली आली न् तहानेली गेली. तू झाली तेव्हा पेली. मी मोडू काय?"

"मोडायची कुठं आहे? आत्याबाई चालते म्हणून राहिल्या." सासूला ती आत्याबाई म्हणते.

"मोठी आली तुझी आत्याबाई चालवणारी."

 तिला भात दिला. तिनं दोन घास खाल्ले आणि चिन्नोर पाहत बसली.

आणखी एक. सासू तिला भरला हंडा उचलू देत नाही. "कंबर सांभाळ," म्हणते आणि स्वतः उचलते. माझ्या लेकीला आळशी करून ठेवलं, मग उद्या हीच म्हणेल कामाची नाही. मी सगळं ओळखते.

गुरुवार, १४ एप्रिल

पहाटेच सगळे मोह वेचायला. मीही गेली. त्यांची घरामागं सात झाडं आहेत. सहा झाडांखाली जाळून साफ केलं आहे. सातव्याखाली प्रेमिला खराट्यानं झाडून राहिली होती, पानं एकीकडं, फुलं तिथंच. म्हटलं, "आग लाव ना, दिवस जाईल झाडत." म्हणे, "राहू दे."

झाडून झाली आणि दुसऱ्या झाडाकडं गेली. एक फूल वेचलं नाही तिथलं. फुलं पाहा, बोटाएवढी, रसानं फुगलेली, सगळ्यात चांगलं झाड. मी दोन मुठी पदरात घेतल्या.

"माय, त्या झाडाचं नोको."

"कायले नोको? दुसऱ्याचं आहे?"

"आपलंच आहे."

"मग?"

"नोको म्हटलं ना!"

जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. सासरी राहून हे शिकली. मी पदराला गाठ मारली आणि सरळ घराकडं आली. मुद्दाम नाही टाकली फुलं. माझ्यावर ओरडते म्हणजे?

दिवसभर ती माझ्याकडं पाहे आणि मी चुलीकडं. दीड वर्ष ज्या तोंडासाठी तळमळली ते समोर आहे आणि बोलायला काही नाही. असं कसं होते? गावी एकटी असते तेव्हा मनात तिच्याशी दिवसभर बोलते.

शुक्रवार, १५ एप्रिल, सालेकसा स्टेशन

आली निघून. प्रेमिलानं पदर धरला. "माय, एक दिवस थांब."

"थांबून काय करू? तुमच्या विहिरीकडं पाहत बसू?"

सोडला पदर. गीताबाईनं बंडी जुंपून दिली. जाताना म्हणाली, "इहीनबाई, तिच्या मनाले लावून घेऊ नका. तिचं मन अजून ठिकाणावर नाही." काऊन नाही ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. केवळरामनं विचारू नको म्हटलं होतं म्हणून नाही, रागात होती म्हणून.

गाडीला उशीर आहे. गुरुजी आणि सुलोचनाबाई बाकड्यावर एका द्रोणातून चारं, रानातली काळी बारीक फळं, खाऊन राहिलेत, बिया मोजून मोजून थुंकून राहिलेत. सुलोचनाबाई म्हणाली, "शामकलाबाई, तोपर्यंत तुमची वही तरी वाचून दाखवा." नाही म्हटलं. पण काही काम नव्हतं म्हणून मीच मनात वाचायला बसली. पहिल्या पानापासून. बोट ठेवून, हळूहळू. स्वतःचं लिहिलेलं कधी वाचलं नव्हतं. वाटलं दुसऱ्याच बाईनं लिहिलं आहे, आणि मी तिला म्हणून राहिली, काय बाई, एवढं दिसून राहिलं तुले अन् कळत नाही?

केवळरामनं पुसात थंड पाण्यानं आंघोळ केली. रायपूरकडच्या दूरच्यासाठी कोणी थंडीत आंघोळ करते काय? तो कंजूस माणूस पाणी तापवायलाही थांबला नाही.

केस अर्धे गेले. मला प्रेमिला झाली त्यानंतर चौथ्या महिन्यात माझेही असेच हातात यायचे.

भरला हंडा उचलू देत नाही.

आता चालते.

दूध पिणारं लेकरू. फूल वेचत नाही. खाली आग लावत नाही.

अगोदर नात-नातू दाखवा, मग पाणी पाजा. हे मी म्हटलं. हे माझ्या अक्षरात आहे. मी हसून म्हटलं असंही लिहिलं आहे.

पदराची गाठ अजून तशीच आहे.

गाडी आली. गुरुजी हाका मारून राहिले. त्यांना म्हटलं, तुम्ही जा. सुलोचनाबाई म्हणाली, "अहो, तिकीट काढलं आहे ना?" म्हटलं, जा म्हणून राहिली ना. गुरुजींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला आत चढवलं. गाडी गेली. बंडी मिळत नाही. चालतच जाते. तीन कोस काही जास्त नाही.

तोच दिवस, प्रेमिलाच्या ओसरीत

दिवस मावळता पोचली. घरात गेली नाही, मागून झाडाकडं गेली. गाठ सोडली. फुलं काळी पडली होती, चिकट झाली होती. जिथली होती तिथं ठेवली, एकेक. बुडाशी तीन दगड आहेत, लहान. काल मी त्यावर पाय ठेवून फुलं घेतली होती काय? आठवत नाही. आठवू नये.

मग ओसरीत येऊन बसली. गीताबाई बाहेर आली, मला पाहिलं.

"इहीनबाई," मी म्हटलं, "पाणी."

तिनं लोटा भरला आणि स्वतः दिला नाही, प्रेमिलाच्या हातात दिला. पोरीनं देतादेता अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं पेली.

ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "कार्ड टाकलं होतं माय. अगोदर एकदा पोटातलं पडलं होतं, म्हणून यावेळी सातव्यात तुझ्याकडं आणू, तेव्हाच सांगू म्हणत होते. सातव्यातच झाली. गेल्यावर कार्ड टाकलं. तू आली नाहीस. परवा आलीस तर म्हटलं, आता तरी विचारशील."

"मले वाचता येत नव्हतं," मी म्हटलं. तेवढंच सुचलं. तापाचं सांगितलं नाही, केवळरामचंही नाही. त्याच्याशी मी घरी जाऊन बोलीन. तापात हे ऐकून मी मरन म्हणून भ्याला असल. नंतर तोंड उघडायची हिंमत झाली नसल. तरी बोलीन.

"पोरगी होती?"

"हो."

"नाव?"

"नाही ठेवलं. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी ठेवणार होतो."

गीताबाईनं आत जाऊन चूल पेटवली. मला न विचारता माझ्यासाठीही तांदूळ घेतला, मला टोपल्यातल्या आवाजावरून कळलं. मी घेऊ दिला. प्रेमिला माझ्याजवळ बसली, परवासारखीच, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. मी तिच्या डोक्यात हात घातला. केस बोटात आले, मी ते तिला दाखवले नाहीत.

इथल्या विहिरीचं पाणी चांगलं नाही. लोखंडासारखं लागते.

दुसरा लोटा आण म्हटलं.